धाकटीचा अक्रोड

तिसरं पोतं भरल्यावर माळ्यानं त्याचं तोंड सुतळीनं आवळलं, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि मागं वळून पाहिलं. आत्ताच झाडून काढलेल्या जागेवर पुन्हा पानं पडली होती. पंधरा-वीस असतील. पिवळीजर्द, कुणीतरी एकेक हातानं मांडून ठेवावीत तशी. वारा अजिबात नव्हता. दोरीवर वाळत घातलेल्या फडक्याचं टोकसुद्धा हलत नव्हतं. तो बघत असतानाच आणखी एक पान फांदीवरून सुटलं आणि गिरकी न घेता सरळ खाली आलं.

वरच्या मजल्यावरच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. बाई सातला उठत. साडेसहा होऊन गेले होते. माळ्यानं पुन्हा खराटा उचलला.

बागेत दोन अक्रोड शेजारी शेजारी होते. एक थोरल्याचा, एक धाकटीचा. ही रीत बाईंच्या सासऱ्यांनी घालून दिलेली. घरात मूल जन्मलं की त्याच दिवशी कुंडीत एक अक्रोड पुरायचा, आणि मूल पाय टाकायला लागलं की ते रोप बागेत आणून लावायचं. थोरल्याचं झाड बेचाळीस वर्षांचं होतं, धाकटीचं एकोणचाळीस. थोरल्याचं झाड अजून हिरवंगार होतं. सगळी बागच हिरवी होती, कारण पानगळीला चांगला महिनाभर अवकाश होता. धाकटीचा अक्रोड तेवढा चार दिवसांत अर्धा रिकामा झाला होता.

माळ्याची आणि पानगळीची तशी जुनी ओळख. लोकांना पालवीचं कौतुक, त्याला ते कधी कळलं नाही. पालवीच्या दिवसांत झाडं शाळा सुटल्यासारखा गोंधळ घालतात आणि माळ्याला जेवायला फुरसत मिळत नाही. पानगळ समजूतदार बाईसारखी एकेक काम उरकत येते. आधी सकाळचं नळाचं पाणी बोटांना लागतं. मग खराट्याचा आवाज बदलतो. मग एके दिवशी मातीला बंद खोलीसारखा वास येतो आणि माळी हत्यारांना तेल लावायला काढतो. पान गळलं असं लोक म्हणतात, त्याला ते पटत नसे. पान गळत नाही, झाड त्याला सोडतं. देठाशी आधी बारीक पापुद्रा धरतं, दार लावून घ्यावं तसं, आणि मगच हात सोडतं. आजारी झाडाला तेवढी ताकद नसते, त्याची पानं काळी पडून तशीच लोंबत राहतात.

त्यानं एक पान उचललं आणि देठाचं टोक अंगठ्यानं चाचपलं. गुळगुळीत होतं. काल त्यानं दोन ठिकाणी वीतभर खोल उकरून मुळं पाहिली होती. कीड नव्हती, बुरशी नव्हती, कुजका वास नव्हता. झाड ठणठणीत होतं आणि तरी पानं टाकत होतं. नुसता रोग असता तर तो एवढा घाबरला नसता. रोगाला औषध असतं.

हत्यारांच्या शेडमागं दोन खोल्या होत्या. तिथं तो आणि त्याची बायको राहायचे. बायको बाईंकडं स्वयंपाकाला होती. तो आत आला तेव्हा तिनं चहा गाळून ठेवला होता.

"पोती कुठं लपवलीत?"

"शेडच्या मागं."

"आणि झाडाला काय, टोपरं घालणार? खालची पानं उचलली म्हणून वरचं उघडं दिसायचं राहतंय होय? बाईंना मोतीबिंदू आहे, अगदीच काही दिसत नाही असं नाही."

त्यानं चहा उचलला. कप दोन्ही हातांत धरून बसला. त्याची बोटं काळी झाली होती. अक्रोडाच्या ओल्या सालीचा डाग साबणानं जात नाही, कातडी बदलते तेव्हाच जातो. वर्षाचे दोन महिने तो असे हात घेऊन वावरायचा आणि बायको त्याला कोळसेवाला म्हणायची. आज तिनं तसं म्हटलं नाही.

"काल रात्री थोरल्यांचा फोन होता," ती म्हणाली. "मी तिथंच भांडी आवरत होते. धाकट्या ताईंनी ऑपरेशन नको म्हणून दवाखान्यात कळवलंय."

"का?"

"बाई नको म्हणाल्या म्हणून. बाई म्हणाल्या, आत्ता नको, आणि ताई म्हणाल्या, बरं. का म्हणून एका शब्दानं विचारलं नाही. डॉक्टर सांगतायत, परवाची वेळ गेली तर पुढचं आम्हाला विचारू नका. हृदयाची झडप आहे ती. परकराची नाडी आहे का, उद्या बांधू म्हणायला?"

"थोरल्यांनी समजावलं नाही?"

"समजावून समजावून त्यांचा घसा बसला. बाईंचं एकच. तिच्या झाडाकडं बघ आधी, म्हणतात. लहानपणी थोरल्यांच्या झाडाची फांदी मोडली आणि त्याच आठवड्यात त्यांचा हात मोडला, तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. आता झाड पानं टाकतंय, म्हणजे पोर ऑपरेशनच्या टेबलावरून उठणार नाही. असा हिशेब."

माळ्यानं कप खाली ठेवला. चहा तसाच होता.

"ते झाड धाकटीचं नाही," तो म्हणाला.

बायकोनं हातातलं फडकं बाजूला ठेवलं आणि त्याच्यासमोर बसली.

तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि या बागेत नवा होता. साहेब, म्हणजे बाईंचे यजमान, एकदा सहज म्हणाले होते की थोरल्याच्या झाडापुढं धाकटीचं झाड अगदीच काडी दिसतं. ते त्यानं मनावर घेतलं. त्या वर्षी त्यानं धाकटीच्या अक्रोडाला मुळाशी टोपलीभर शेणखत घातलं, आणि तेही कच्चं, अजून गरम असलेलं. कुजलेलं खत यायला पंधरा दिवस होते आणि त्याला धीर नव्हता. उन्हाळाभर झाड आतल्या आत भाजत गेलं. पानगळ संपली, सगळीच झाडं उघडी झाली, तेव्हा ते मेल्याचं फक्त त्याला कळलं. साल नखानं खरवडली की जिवंत झाड आत हिरवं असतं. हे तपकिरी होतं.

"अति तिथं माती," बायको हळूच म्हणाली.

"ऐक तर. त्याच वेळी धाकटी तापानं पडली. पाच वर्षांची होती. आठ दिवस ताप उतरेना. आणि साल खरवडून बघायचं मीच बाईंना मागं कधी शिकवलं होतं. त्या दिवशी सकाळी खिडकीतून म्हणाल्या, माळीबुवा, संध्याकाळी खाली येते, तिचं झाड खरवडून बघते."

"अरे देवा."

"मागच्या भिंतीपलीकडं पडीक जागा आहे ना, तिथं एक अक्रोड आपोआप उगवलेला होता. खारीनं पुरला असेल नि विसरली असेल. तेवढीच उंची, तसाच एका अंगाला कललेला. दुपारी सगळे धाकटीच्या खोलीत होते. मी तो मुळासकट काढला, हातगाडीवर घालून मागच्या दारानं आणला नि त्या जागी उभा केला. संध्याकाळी बाई आल्या. नखानं साल खरवडली. हिरवं निघालं. रडायलाच लागल्या तिथं. म्हणाल्या, पोरीचा ताप दुपारीच उतरलाय, आता मी निर्धास्त झाले."

बायकोनं फडकं उचललं, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. तिच्या तोंडाला एरवी कुलूप नव्हतं, त्यामुळे माळ्याला अवघडल्यासारखं झालं.

"एकतीस वर्षं संसार केला तुमच्याबरोबर," ती शेवटी म्हणाली. "दाढ दुखली तरी गाव गोळा करता. आणि हे बरं पोटात ठेवलंत."

"बाईंना धक्का बसू नये म्हणून केलं मी."

"आणि नोकरी जाऊ नये म्हणून."

"हो. त्यासाठीपण."

"मग आता जा नि सांगा. झाड तिचं नाही म्हटल्यावर त्याच्या पानांचं काय घेऊन बसायचं? सुटल्या बाई, सुटली पोर."

"काढून टाकतील."

"टाकू देत. बाग काय, दुसरी मिळेल. तिकडं परवाचा दिवस गेला तर तो पोत्यात भरून लपवता येणार आहे का?"

तरीही नऊपर्यंत त्याचा पाय वर वळला नाही. त्यानं गुलाबाच्या दोन फांद्या विनाकारण छाटल्या, पाइप गुंडाळला, पुन्हा सोडला. धाकटीच्या अक्रोडाखाली जायचं त्यानं टाळलं, पण आवाज येत होता. एकेक पान जमिनीला टेकतानाचा आवाज इतका हलका असतो की एरवी तो कुणाला ऐकू येत नाही. त्याला तो पाइपच्या पाण्यातूनही ऐकू येत होता. शेवटी त्यानं हात धुतले, ते काळेच राहिले, आणि तो वर गेला.

बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. पडदा पूर्ण उघडा होता. बहात्तर वर्षांच्या, कृश, पाठ मात्र ताठ. शेजारच्या टेबलावर चष्म्याचं घर, गोळ्यांची डबी आणि फोन. त्यांनी मागं न बघताच विचारलं,

"किती पोती झाली आज?"

"तीन," माळी म्हणाला.

"काल दोन होती."

त्याला बसायला सांगितलं तरी तो बसला नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. खताचं सांगितलं, तपकिरी सालीचं सांगितलं. मधे मधे थांबून त्यानं बाईंकडं पाहिलं, पण त्यांचा चेहरा खिडकीकडंच होता. आपण ओझं उतरवतोय असं त्याला वाटत होतं. बाई रागावतील, मग सुटकेचा श्वास टाकतील, मग फोन उचलतील, असं त्यानं जिन्यावर मनाशी जुळवलं होतं.

"म्हणजे बाई, त्या झाडाचा नि ताईंचा काही संबंधच नाही," तो शेवटी म्हणाला. "त्याची पानं गळू देत, नाहीतर ते उद्या उन्मळून पडू दे. ताईंचं ऑपरेशन होऊ द्या."

"कधी केलंत हे?"

"ताई पाच वर्षांच्या होत्या. तापात होत्या तेव्हा."

"तापात कुठल्या दिवशी?"

"आठव्या. दुपारी."

बाईंनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. पुष्कळ वेळ त्या तो पुसत राहिल्या.

"आठव्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला," त्या म्हणाल्या. "खुर्चीतच. आठ दिवसांचं जागरण होतं. जाग आली तर ती पलंगावर उठून बसलेली. ताप नाही, अंग गार. माझ्याकडं बघत होती. मी तिला जवळ घेतलं नि तिनं घेऊ दिलं. तुम्हाला आठवतं ना ती कशी होती?"

माळ्याला आठवत होतं. कुंड्या फोडणारी, चावणारी, नको म्हटलं की नेमकं तेच करणारी पोर.

"जवळ घेतलं की लाथा झाडायची. नाही हा एकच शब्द तिला यायचा. डाव्या हातानं जेवायची, मी ओरडून ओरडून थकले. आणि त्या संध्याकाळी तिनं उजव्या हातात चमचा धरला. मला विचारून पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी स्वतःची चादर घडी करून ठेवली. पाच वर्षांच्या पोरीनं. सगळे म्हणाले, आजारानं शहाणी झाली. मी पण म्हटलं. पण रात्री ती झोपली की मी दिवा घेऊन तिच्या तोंडाकडं बघत बसायची. नाक तेच, तीळ तोच. पण परक्या घरी पाहुणं आलेलं मूल कसं झोपतं, अंग चोरून, तशी झोपायची."

"आजारात मुलं बदलतात, बाई."

"तिचे पाय चिखलानं भरले होते," बाई म्हणाल्या. "घोट्यापर्यंत. ओला चिखल. मी दाईवर ओरडले, पोर खाली गेली कशी? दाई शपथेवर म्हणाली, मी दारातून हललेच नाही."

खोलीत घड्याळ नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, काहीतरी आवाज झाला असता.

"आई कुणाला सांगणार असं? ही माझी नाही म्हणून? त्या संध्याकाळी मी खाली आले ती झाड बघायलाच. म्हटलं, झाड तिच्याबरोबर जन्मलंय. ते जिवंत असेल तर तीपण तीच असेल. खरवडलं तर हिरवं होतं." बाई थांबल्या. "त्या हिरव्यावर मी चौतीस वर्षं काढली, माळीबुवा. मनात आलं की उठायचं आणि या खिडकीत येऊन झाड बघायचं. तेच झाड आहे, मग पोरही तीच. तेवढाच आधार होता."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे माळ्याच्या आयुष्यात दुसऱ्यांदा होत होतं, आणि तेही त्याच झाडापायी.

"नवं कुठून आणलंत?"

"रोपवाटिकेतून," तो म्हणाला. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्या चेहऱ्यासमोर पडीक जागेचं नाव निघेना.

दहा वाजता फोन वाजला. धाकटी रोज दहाला फोन करायची, त्यात पाच मिनिटांचा फरक पडत नसे. बाईंनी फोनकडं पाहिलं आणि हात मांडीवरून हलवला नाही. तो वाजत राहिला. दुपारपर्यंत होकार गेला नाही तर परवाची वेळ दुसऱ्या कुणाला मिळणार होती, हे माळ्याला बायकोनं जिन्यापाशी गाठून सांगितलं होतं. त्यानं पुढं होऊन काळ्या बोटानं बटण दाबलं, मोठा आवाज लावला आणि फोन बाईंच्या मांडीवर ठेवला. या घरात त्यानं कधी कशाला न विचारता हात लावला नव्हता.

"आई?" धाकटी म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, नेहमीसारखा. "गोळी घेतलीस का?"

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"आई, ऐकू येतंय ना?"

"मी तुला ऑपरेशन नको म्हटलं," बाई म्हणाल्या. "का, ते तू विचारलं नाहीस."

"अक्रोडाची पानं गळली असतील."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. दुसऱ्या कशाला तू घाबरत नाहीस."

"ते झाड तुझं नाही." बाईंनी डोळे मिटले होते. "माळीबुवा इथंच आहेत. आत्ता सांगतायत. तुझं झाड मेलं होतं. त्यांनी दुसरं आणून लावलं."

"मला ठाऊक आहे," धाकटी म्हणाली.

माळ्यानं दाराची चौकट धरली.

"मी बघितलं होतं. माळीकाकांनी जुनं उपटलं आणि दुसरं आणून लावलं. मला वाटलं, तूच सांगितलं असशील. जुनं बिघडलं म्हणून बदला म्हणून. मी पण तेव्हा बिघडलेलीच होते ना, सगळे म्हणायचे, सारखी आजारी, सारखा हट्ट. म्हणून मग मी नीट वागायला लागले." ती जराशी हसली. "इतकी वर्षं वागतेय. अजून भीती जात नाही."

बाईंचा हात फोनवर आला. माळ्यानं त्या हाताकडं पाहिलं आणि मान फिरवली. पोरीच्या आयुष्याचं त्यानं दुपारच्या अर्ध्या तासात काय करून ठेवलं होतं, ते त्याला आज पहिल्यांदा दिसत होतं. बाईंना मात्र त्यातून धीर आला असावा. त्या पुढं झुकल्या. ताठ पाठ पहिल्यांदाच वाकली.

"म्हणजे तू उठून गेली होतीस," त्या घाईनं म्हणाल्या. "तापातच उठून खाली गेलीस. म्हणून पाय भरले होते. हो ना? तुझ्या खोलीतून तर बाग दिसत नाही. कुठून बघितलंस तू?"

पलीकडं धाकटी विचार करत होती. मागं कुठलीशी ढकलगाडी फरशीवरून गेली आणि तिचा आवाज लांब गेला.

"भिंतीपलीकडून," ती म्हणाली.

"कुठून?"

"मागच्या भिंतीच्या पलीकडं. तिथं खड्डा होता, ओला. मी त्याच्या काठाशी होते. त्याच्या आधीचं मला काही आठवत नाही, आई, कधीच आठवलं नाही. काका झाड गाडीवर घालून निघाले, तशी मी त्या झाडाच्या मागोमाग आत आले. काकांनी वळून बघितलं असतं तर मी दिसले असते."

बाईंनी मान वळवून माळ्याकडं पाहिलं. त्या काही विचारत नव्हत्या, तरी तो त्यांना कळेल इतपत मान हलवून हो म्हणाला. रोपवाटिका वगैरे काही नव्हती.

खाली बागेत कुठलाच आवाज नव्हता. बाईंनी पुन्हा तोंड खिडकीकडं केलं. झाड तिथं होतं, फांद्या दिसायला लागलेलं. आता त्या फोन ठेवून देतील, असं माळ्याला वाटलं. वाटलं म्हणजे त्याची खात्रीच झाली. आपण पुढं होऊन पोरीशी काहीतरी बोललं पाहिजे, तुम्ही काळजी करू नका ताई, असं काहीतरी, हे त्याला कळत होतं. पण तो दाराशीच उभा राहिला.

"आई?" धाकटी म्हणाली. "रागावलीस?"

बाईंनी झाडावरची नजर काढली आणि फोनकडं पाहिलं.

"तू म्हणशील तसं करते मी. नको असेल तर नको करायला. आई?"

"दवाखान्यात कळव," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला, त्यांनी तो पुन्हा गोळा केला. "परवाचंच ठेवा म्हणून. आत्ता, लगेच कळव. आणि मी येतेय."

"तू? इतक्या लांब? तुला गाडी सोसत नाही, आई. दादा आहे इथं."

"येतेय म्हटलं ना. तुला आत नेतील तेव्हा मी तिथं असणार. बाहेर आणतील तेव्हापण तिथंच असणार. झोपणार नाही."

मग धाकटी रडत असल्याचं कळलं. मोठ्या माणसासारखी नव्हे, हुंदके देत, नाक ओढत.

"मला खूप भीती वाटते गं," ती म्हणाली. "लवकर ये."

"निघालेच," बाई म्हणाल्या.

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. चष्मा लावला. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या, तेव्हा माळी आधार द्यायला पुढं झाला. त्याचा काळा हात त्यांनी मुकाट्यानं धरला.

"तुमच्या बायकोला सांगा, माझे चार कपडे भरायला. गाडी दीडची आहे."

"सांगतो."

"आणि ते जुनं? मेलेलं?" बाईंनी विचारलं. "ते कुठं टाकलंत?"

माळ्यानं खिडकीतून मागच्या भिंतीकडं पाहिलं.

"त्याच खड्ड्यात, बाई. नवं काढलं तो खड्डा रिकामाच होता. त्यात जुनं ठेवलं नि माती ओढली."

बाईंनी मान हलवली. दोघं जिना उतरले, एका पायरीवर दोन्ही पावलं टेकवत. स्वयंपाकघरातून माळ्याची बायको दारात आली, बाईंकडं बघून तिथंच थांबली आणि बाजूला झाली. मागचं दार वर्षानुवर्षं कुणी उघडलं नव्हतं. माळ्यानं कडी दगडानं ठोकून मोकळी केली. पलीकडं गवत छातीपर्यंत वाढलं होतं.

बाईंनी चपला उंबऱ्याच्या अलीकडं काढल्या, समाधीपाशी जाताना काढाव्यात तशा.

"काटे आहेत तिकडं," माळी म्हणाला.

"असू देत," बाई म्हणाल्या. "कुठल्या बाजूला, तेवढं सांगा. पुढं माझी मी जाते."